माथेरानचा रस्ता कुणाला कसा दिसतो

नेरळहून निघालेली टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे मोटारीला मज्जाव. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटर लांब असते. पायी जा, घोडा करा, हातरिक्षा करा, अमन लॉज स्थानकातून मिनी ट्रेनची शटल पकडा, आणि अलीकडे नंबर लागलाच तर ई-रिक्षा. एवढ्याशा रस्त्यावर तांबडी माती राहू द्यावी की पेव्हर ब्लॉक बसवावेत, त्यावर नालच वाजावेत की चाकेही फिरावीत, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. भांडणारे बहुतेक सगळे एकाच गावचे आणि एकाच पर्यटकावर पोट असलेले.

पर्यटनाने गावाचे भले झाले की वाटोळे, हा प्रश्न महाराष्ट्रात महाबळेश्वरपासून मालवणपर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तर मात्र कुणाला विचारले त्यावर ठरते. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ते नेमके कसे ठरते ते सहसा कुणी उलगडून सांगत नाही. माथेरानचा हा रस्ता त्यासाठी बरा, कारण इथे बहुतेक गटांचे म्हणणे अर्ज, याचिका आणि बंदच्या रूपाने चव्हाट्यावर आलेले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट 1850 च्या मे महिन्यात या डोंगरावर चढला, आणि माथेरान ‘सापडले’ असे तेव्हापासून लिहिले जाते. डोंगर ठाकर, कातकरी आणि धनगरांच्या पायाखालचा होताच, पण ते लिहिणारे नव्हते. पुढे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात दोन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे नेरळहून वर नेली. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. डहाणू आणि महाबळेश्वर-पाचगणीनंतर महाराष्ट्रात हा मान, किंवा स्थानिकांच्या भाषेत हा जाच, माथेरानच्या वाट्याला आला. नियमांवर देखरेख ठेवायला सनियंत्रण समिती नेमली गेली. वाहनबंदी मात्र गावाच्या अंगवळणी पूर्वीच पडलेली होती. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती. इतक्या लहान गावाला स्वतःची नगरपरिषद आहे, आणि वर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून ती प्रवासी कर घेते.

आता रस्त्याकडे येऊ. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा, वरची माती तांबडी आणि भुसभुशीत. पावसाळ्यात पाणी रस्त्यालाच ओढा समजून धावते आणि माती घेऊन जाते. झाडांची मुळे उघडी पडतात, रस्त्यात चर पडतात. ऑक्टोबरनंतर तीच माती टापांखाली दळली जाते. त्यात घोड्यांची लीद मिसळते आणि धुरळा चपलांवर, पापण्यांवर, दुकानातल्या चिक्कीच्या बरण्यांवर बसतो. पालिकेने यावर पेव्हर ब्लॉकचा उपाय काढला. माती धरून राहील, धूळ कमी होईल, हातगाडी आणि हातरिक्षा ओढणे सोपे जाईल.

घोडेवाल्याला तोच ब्लॉक वेगळा दिसतो. नाल ठोकलेली टाप मातीत रुतते, तिला पकड मिळते. ब्लॉकवर, विशेषतः उतारावर आणि पावसाने शेवाळ धरल्यावर, ती घसरते. घोडा पडला तर पाय जायबंदी होतो, वर बसलेल्या पाहुण्याला लागते ते वेगळेच. घोडेवाला असेही म्हणतो की आज ब्लॉक घातले की उद्या त्यावरून गाड्या येतील. ही भीती त्याने हवेतून काढलेली नाही. ई-रिक्षेला सपाट रस्ता लागतो, मातीच्या चरांतून ती चालणे कठीण. त्यामुळे ब्लॉकच्या वादात पर्यावरणप्रेमी आणि घोडेवाले एका बाजूला आले. एरवी लिदीवरून यांचे जमत नाही. पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हिरव्या डोंगरावर सिमेंट चढताना दिसते, घोडेवाल्याला धंद्यावर येणारे चाक दिसते. मागणी मात्र दोघांचीही एकच: ब्लॉक काढा.

इथे पहिली गोष्ट समजते. माणूस ‘पर्यटनाचा परिणाम’ एकूण असा पाहतच नाही. तो पाहतो आपल्या कमाईच्या वाटेवर काय आले आणि त्यावरून काय गेले. पर्यटनाच्या अभ्यासकांत याला देवाणघेवाणीचा सिद्धांत म्हणतात. जॉन अॅप यांनी 1992 मध्ये तो स्थानिक रहिवाशांच्या मतांना पद्धतशीरपणे लावून दाखवला. सार असे: पाहुण्यांशी होणाऱ्या व्यवहारात ज्याला मिळणारे मोल द्याव्या लागणाऱ्या किमतीपेक्षा जास्त वाटते, त्याला पर्यटन चांगले दिसते, उलट असेल त्याला वाईट. कुणी म्हणेल, यात नवे काय? नवे इतकेच की ‘वाटते’ या शब्दाला महत्त्व आहे. मोल फक्त रुपयांत मोजलेले नसते.

नेरळच्या टॅक्सीवाल्याचे उदाहरण घ्या. जुलै 2005 च्या महापुरात डोंगररेल्वेचा मार्ग उखडला, 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा वाहून गेला, आणि नेरळ ते माथेरान गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. ती तीन वर्षे घाट चढण्यासाठी मुख्यतः टॅक्सी किंवा स्वतःची गाडी हेच पर्याय उरले. टॅक्सीवाल्याच्या खिशाला ते वाईट नव्हते. तरी रेल्वे कायमची बंद व्हावी असे त्यालाही परवडणार नाही, कारण लहान मुले घेऊन येणारी कुटुंबे ‘झुकझुक गाडी’च्या नावानेच निघतात. गाडी आजचे भाडे पळवते आणि उद्याचे गिऱ्हाईक आणते. हा हिशेब प्रश्नावलीतल्या ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ या चौकटीत बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. प्रत्येक गट वेगवेगळ्या मुदतीचे घड्याळ बघून बोलत असतो. शनिवारी सकाळी येऊन रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या पर्यटकाला दोन दिवसांचे माथेरान दिसते: धूळ, माकडे, हवा आणि बिल. माती वाहून जाताना त्याला दिसत नाही, कारण तो गेल्या वर्षी इथे नव्हता. हॉटेलवाला हंगाम मोजतो: दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी आणि अलीकडे पावसाळ्यातले शनिवार-रविवार. घोडेवाला दिवस मोजतो, कारण गिऱ्हाईक असो वा नसो, घोड्याला दाणा-वैरण रोज लागते. पिढ्यान् पिढ्या राहणारा रहिवासी शाळा, दवाखाना आणि म्हातारपण मोजतो. जंगलाचा अभ्यासक दशके मोजतो. मग एकाच रस्त्याबद्दल एक म्हणतो ‘बिघडला’, दुसरा म्हणतो ‘सुधारला’, आणि दोघेही खरे बोलत असतात.

रहिवाशाचे म्हणणे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण बाहेरच्यांना ते सहज उमगत नाही. वाहन नसलेले गाव पाहुण्याला निवांत वाटते. तिथे राहणाऱ्याला गॅसचे सिलिंडर, भाजी, दूध, सिमेंटची गोणी सगळे घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून आणावे लागते, आणि प्रत्येक ओझ्याची मजुरी किमतीत चढते. रात्री कुणाला छातीत कळ आली तर रुग्णवाहिकेची वाट बघावी लागते. मुलांना शाळेची चाल रोजचीच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2022 च्या परवानगीनंतर त्याच वर्षी डिसेंबरात सात ई-रिक्षा तीन महिन्यांच्या प्रयोगासाठी आल्या, तेव्हा त्यांच्याकडे शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे आशेने पाहत होती ती यामुळे. पर्यटक ज्या शांततेसाठी पैसे मोजतो, तिचे भाडे रहिवासी रोज भरत असतो. हे मत मी कुणावर लादत नाही, पण माथेरानवर लिहिणाऱ्यांनी आधी एक सिलिंडर वर कसा येतो ते पाहावे.

मतांचा विचार करताना ‘स्थानिक’ नावाचा एकच गट धरण्याची चूक फार होते. कॅनडातील अभ्यासक डॉक्सी यांनी 1975 मध्ये बार्बाडोस आणि ऑन्टॅरिओतील नायगारा-ऑन-द-लेक या ठिकाणांवरून एक शिडी मांडली. पर्यटक नवे असतात तेव्हा गावाला आनंद होतो, मग सवय होते आणि बेफिकिरी येते, मग चीड, शेवटी उघड वैर. ती पाठ्यपुस्तकांत गाजली, कारण लक्षात राहायला सोपी आहे. माथेरानला ती लावून पाहिली की तिचे डगमगणे कळते. पहिले कारण, या गावाला ‘पर्यटक येण्याआधीचे दिवस’ जवळजवळ नाहीतच. आजचे माथेरान पाहुण्यांसाठीच वसले. दुसरे कारण मोठे आहे: गाव मिळून एका पायरीवर कधीच उभे नसते. एकाच शनिवारी घोडेवाला पहिल्या पायरीवर असतो, दुकानदार दुसऱ्या, आणि गर्दीत पाण्याचा ताण सोसणारी गृहिणी तिसऱ्या. जुन्या बंगल्यांचे मालक वर्षात काही दिवसच येतात. त्यांना गर्दी नको आणि वाहनेही नकोत. त्यांच्या बंगल्याची राखण करणाऱ्या माळ्याला मात्र मुलगी आजारी पडली की वाहन हवे असते.

चौथ्या पायरीवर लोक पर्यटकांवर उलटतात असे शिडी सांगते. माथेरानमध्ये लोक एकमेकांवर चिडले. मार्च 2025 मध्ये माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने बेमुदत बंद पुकारला. समितीची तक्रार अशी होती की दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या पाहुण्यांना खोटी माहिती देऊन, जास्त भाडे लावून फसवले जाते, त्यामुळे गावाचे नाव खराब होते आणि धंदा बसतो. रोख घोडेवाले आणि दलालांकडे होता. बंद पुकारण्याचे निमित्त पर्यटकांचे हित होते. पर्यटनावर जगणाऱ्यांनीच पर्यटन वाचवण्यासाठी पर्यटन बंद ठेवले, यात विरोधाभास वाटेल, पण हिशेब सरळ आहे. पाहुणा नाक्यावर नागवला गेला तर घोड्याचे भाडे त्याच क्षणी मिळते. हॉटेलवाल्याला मात्र तो परत यायला हवा असतो, शिवाय त्याने शेजाऱ्यालाही पाठवायला हवे. दलालाला तो पुन्हा भेटणारच नाही. एकदाच भेटणाऱ्या गिऱ्हाइकाशी आणि पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाशी माणसे वेगळी वागतात, त्यात जात-धर्म-स्वभाव शोधायची गरज नाही. आणि घोडेवाले सगळे फसवतात असेही नाही; दराचा फलक बघून चोख व्यवहार करणाऱ्यालाही या बदनामीचा फटका बसतो, म्हणून तो आणखी चिडतो.

हातरिक्षेचा प्रश्न याहून अवघड. पुढे एक जण ओढतो, मागे दोघे ढकलतात, चढावर तिघांचेही गुडघे वाकतात. पाहुण्यांपैकी कुणाला त्यात बसताना लाज वाटते, कुणाला मौज. ओढणाऱ्यांच्या श्रमिक रिक्षा संघटनेने स्वतःच ई-रिक्षा मागितली, हे विसरता कामा नये. ‘परंपरा जपा’ म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज नव्हता. 2024 मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्याव्यात असे सांगितले. 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने पुढचे पाऊल टाकले. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, सहा महिन्यांत ही प्रथा थांबवा, असा आदेश दिला. सायकलरिक्षाबद्दल याच न्यायालयाने 1980 मध्ये, ‘आझाद रिक्षा पुलर्स युनियन’च्या खटल्यात जे म्हटले होते त्याला 45 वर्षे उलटूनही हे चालू आहे, याबद्दल खेद व्यक्त केला. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या भाड्याने द्याव्यात, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. पेव्हर ब्लॉकचाही निकाल तिथेच लागला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि भटकंतीच्या वाटांवर नाही.

निकाल योग्य आहे असे माझे मत आहे. पण परिणाम समजून घ्यायचा तर आकडा मांडावा लागतो. हातरिक्षांचे परवाने 94. प्रत्येक रिक्षेमागे तीन माणसे धरली तर 282 खांदे. ई-रिक्षेला चालक एकच. म्हणजे प्रत्येक परवान्याला एक ई-रिक्षा मिळाली तरी दर तिघांतले दोघे रस्त्यावर येतात, आणि परवाना ज्याच्या नावावर तोच ओढणारा असेलच असे नाही. आदेशात ‘खरे रिक्षाचालक’ कोण हे ठरवण्याची जबाबदारी सनियंत्रण समितीवर टाकली आहे, ती याचसाठी. ‘हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षेबद्दल काय वाटते?’ असा प्रश्न कुणी विचारला तर परवानाधारक आणि रोजंदारीवर मागे ढकलणारा यांची उत्तरे एका रकान्यात टाकून चालणार नाहीत. एकाला मालकी मिळण्याची आशा आहे, दुसऱ्याला रोजगार जाण्याची भीती. अभ्यासात दोघेही ‘वाहतूक व्यावसायिक’ म्हणून मोजले जातात.

म्हणून आता मोजणीबद्दल. अशी मते गोळा करण्याची नेहमीची रीत म्हणजे विधानांची यादी: ‘पर्यटनामुळे रोजगार वाढला’, ‘पर्यटनामुळे कचरा वाढला’, ‘पर्यटनामुळे घरांच्या किमती वाढल्या’. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत. मग सरासरी काढायची. समजा दहा जणांना विचारले, ‘ई-रिक्षेने गावाचे भले होईल का?’ पाच जणांनी पाच गुण दिले, पाच जणांनी एक. सरासरी आली तीन. अहवालात वाक्य येते: ‘स्थानिकांचे मत तटस्थ आहे.’ तटस्थ तर एकही माणूस नव्हता. असे अहवाल वाचताना सरासरीच्या शेजारी मतांचा पसारा दिला आहे का आणि गटवार तक्ता आहे का, हे आधी बघावे. नसेल तर तो अहवाल बाजूला ठेवायला हरकत नाही.

वेळ आणि जागा यांनीही उत्तर वाकते. मे महिन्यातल्या रविवारी बाजारपेठेत फॉर्म वाटले तर दुकानदार घाईत ‘सहमत’वर खुणा करून मोकळा होतो, कारण पुढे गिऱ्हाईक उभे आहे. हॉटेलातल्या वेटरला मालकासमोर विचारले तर काय उत्तर येणार? संघटनेच्या पदाधिकाऱ्याला विचारले तर मत मिळत नाही, भूमिका मिळते. पुढच्या तारखेला वकील जे मांडणार आहे तेच तो सांगतो. त्यात गैर काही नाही. तो वाटाघाट करतो आहे. अभ्यासकाने मात्र भूमिकेला मत समजू नये.

सगळ्यात मोठी गळती पायथ्याशी होते. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर-कातकरी वाड्या आहेत. तिथल्या बाया डोक्यावर भाजी, लाकूडफाटा आणि मे महिन्यात करवंदे-जांभळे घेऊन पायवाटांनी वर येतात. विकून अंधाराआधी उतरतात. त्यांची संघटना नाही, परवाना नाही, समितीत खुर्ची नाही, आणि मतदानही माथेरानच्या नगरपरिषदेसाठी नाही. प्रश्नावली घेऊन हिंडणारा विद्यार्थी दुपारी दोनला येतो तोवर पुष्कळ जणी परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. तरी पर्यटनाचा परिणाम त्यांच्यावर होतोच: हंगामात हातात पैसा, गर्दीने वाटेवर टाकलेला कचरा, संवेदनशील क्षेत्राच्या आणि वनजमिनीच्या नियमांत अडकणारा वाडीचा रस्ता. ज्या नियमाने वरची शांतता टिकते, त्याच नियमामुळे खालच्या बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागते. पर्यटनाला विरोध की पाठिंबा, असे त्यांना विचारणेही मला उद्धटपणाचे वाटते. त्यांना विचारायचे असेल तर रस्त्याचे, पाण्याचे आणि वर बसायला मिळणाऱ्या जागेचे विचारावे.

ऑगस्ट 2025 च्या आदेशात एक तरतूद आहे, जिच्याकडे घोडा विरुद्ध ई-रिक्षा या गदारोळात फारसे कुणी पाहिले नाही. खऱ्या हातरिक्षाचालकांना वाटून उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला आणि इतरांना उपजीविकेसाठी देता येतील, असे त्यात म्हटले आहे. हे प्रत्यक्षात आले तर आजवर कुठल्याच तक्त्यात नसलेला गट परवानाधारक होईल आणि मग त्याचे मत विचारावेच लागेल. त्यासाठी किती ई-रिक्षा हव्यात हे आधी सनियंत्रण समितीने ठरवायला हवे, आणि ठरवताना पुन्हा दस्तुरी नाक्यावरच्या चार संघटनांना बोलावून भागणार नाही. माथेरानचे पुढचे सर्वेक्षण जे कुणी करतील, त्यांना एवढीच विनंती: ते मेच्या रविवारी करू नका. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी करा, गटवार आकडे छापा, आणि सुरुवात पायथ्याच्या वाडीतून करा.